लाल वहीतला तिसरा रकाना

बाई, मागच्या महिन्यात मी अकोल्याला एका दवाखान्यात पाच दिवस पडून होते. छाती भरली होती, ताप उतरत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नर्स ट्रे घेऊन आली. वीस-बावीस वर्षांची, चुणचुणीत, केसांना नीट चाप लावलेले. तिनं कागदावर पेन टेकवलं आणि माझ्या उशाशी उभ्या असलेल्या सुनेला विचारलं, “आजींना पेनिसिलीननं कधी काही झालं होतं का? अंगावर गांधी, दम, असं काही?” सून म्हणाली, “छे हो, आईंना कशानंच काही होत नाही.” नर्सनं लिहून घेतलं. मी तिथेच होते, बाई. डोळे उघडे होते, कान शाबूत होते, आणि जन्मभर लोकांना सुया दिलेली बाई मी, माझ्याबद्दलचा प्रश्न माझ्या अंगावरून पलीकडे गेला आणि उत्तर घेऊन परत आला. मला ओरडून सांगायचं होतं की अगं पोरी, मला विचार. जीभ टाळूला चिकटली होती. तोंडातून नुसता वारा निघाला. सुनेचं उत्तर खरं होतं, मला काही झालं नाही, बरी होऊन घरी आले. पण त्या दिवसापासून झोप उडाली ती उडालीच.

म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज कसा होता हे आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. तुमचं वय मी केव्हाच ओलांडलं. पण एका संध्याकाळी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी ‘हो’ म्हणाले. त्या एका ‘हो’पायी तुमची अमरावती सुटली. तो ‘हो’ मला परत घ्यायचा आहे. एवढंच काम आहे माझं तुमच्याकडे, बाकी सगळं मी उगाच सांगणार, कारण नुसतं तेवढं लिहायची हिंमत नाही.

मी तुमच्याकडे आले ती वांग्यांच्या टोपलीमागून. आमचा मळा दवाखान्याच्या मागच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. वांगी, मेथी, कोथिंबीर-सांबार आणि बांधावर झेंडू. दवाखाना कसला, धर्मादाय मंडळींनी काढलेली बारा खाटांची कौलारू इमारत, फक्त बायकांसाठी. बाबा रोज सकाळी तिथे भाजी टाकायचे, एक दिवस त्यांचा पाय मुरगळला म्हणून मी टोपली घेऊन आले, आणि तुम्ही, दवाखान्याच्या नर्सबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला खालून वरपर्यंत पाहिलंत. “लिहिता येते?” मी म्हणाले, चौथीपर्यंत शिकले. “रगत पाहून चक्कर येते?” मी म्हणाले, माहीत नाही, पाहिलं नाही. तुम्ही हसलात. “खरं बोलली. उद्यापासून ये.” बाई, तुम्ही मला कामावर घेतलंत ते खरं बोलले म्हणून. हे मला कितीदा आठवलं असेल!

सुई द्यायला तुम्ही मला वांग्यावर शिकवलंत. आमच्याच मळ्यातली, भरताची मोठी वांगी. काचेची पिचकारी उकळायची, सुई उकळायची, चिमट्यानं उचलायची, टोकाला बोट लावायचं नाही. आत गेल्यावर दट्ट्या थोडा मागे ओढून पाहायचं, रक्त आलं तर सुई शिरेत गेली, काढायची, दुसरीकडे टोचायची. मी पन्नास वांगी टोचली असतील. ती दुपारी भाजीत जायची आणि स्वयंपाकीणबाई बोटं मोडायची की या वांग्यांना जागोजाग भोकं, किडकी आणता का. एकदा मला एका झटक्यात जमलं आणि मी फुशारकीनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वांगं हातात घेऊन उलटंपालटं केलंत. “चांगलं हाय. पन वांग्याले इचारा लागत नाई. मानसाले इचारा लागते. ज्याच्या आंगात सुई जाते त्यालेच इचारायचं. त्याच्या बापाले नाई, नवऱ्याले नाई, पोलीस पाटलाले नाई. समजलं?” मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं.

पेनिसिलीन तेव्हा नवं होतं. लढाई संपून काही वर्षंच झालेली, वऱ्हाड अजून मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेला, महत्त्वाचं काहीही आलं की नागपूरहून यायचं. रबरी बुचाच्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर पिवळट पांढरी भुकटी. त्यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलक्या हातानं फिरवायचं आणि उरलेलं बर्फात ठेवायचं. बर्फ गोणपाटात, भुशात गुंडाळून आगगाडीनं यायचा आणि तो आणायला तुम्ही स्वतः टांग्यानं स्टेशनावर जायचात, कारण हमालांवर तुमचा विश्वास नव्हता. “ते अर्धा फरशीवर वितळवतेत अन् अर्धा चोखतेत,” म्हणायचात. दर तीन तासांनी सुई, रात्रंदिवस. आणि काय त्या सुईचा गुण, बाई! बाळंतरोगानं तापलेली बाई, जिच्यासाठी घरचे सरणाची लाकडं सांगून आलेले असायचे, ती चौथ्या दिवशी उठून बसून भाकर मागायची. लोक दवाखान्याच्या पायरीला हात लावून नमस्कार करायला लागले. ते तुम्हाला आवडायचं नाही. आणि त्याहून आवडायचं नाही ते तिसऱ्या दिवशी ताप उतरला की घरच्यांनी बैलगाडी घेऊन येणं. तुम्ही दारात आडव्या उभ्या राहायचात. “ताप गेला म्हून रोग गेला का? अजून सुया बाकी हायेत. गाडी घेऊन जा, गाडीवान घेऊन जा, बाई इथंच राहीन.” आणि गाडी रिकामीच परत जायची.

आणि तुमची लाल वही. लाल पुठ्ठ्याची, अकोल्याच्या दवाखान्यात होतात तेव्हापासूनची. बाकीच्यांना पेनिसिलीन म्हणजे अमृत वाटायचं, तुम्हाला एकटीला त्याची भीतीही वाटायची. अकोल्याला तुम्ही काही पेशंट पाहिले होते, ज्यांच्या अंगावर सुया संपल्यावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, सांधे धरले. डॉक्टर म्हणाले, पित्त असेल. तुम्ही म्हणालात, पित्त असो नाहीतर काही असो, या बायांना हे औषध पुन्हा द्यायचं नाही, पुढल्या वेळी याहून वाईट होईल. त्यांची नावं तुम्ही लाल शाईनं त्या वहीत उतरवलीत, नाव आणि गाव, आणि अमरावतीला येताना वही सोबत आणलीत. “बाया काय एकाच गावात मरतेत का,” म्हणालात. नव्या पेशंटला पहिली सुई देण्याआधी वही उघडायची, पेशंटला विचारायचं, आणि सुई अंगावर उलटली तर द्यायला ट्रेमध्ये ॲड्रिनलिनची कुपी आणि दुसरी उकळलेली पिचकारी तयार ठेवायची. सुई दिल्यावर अर्धा तास खाटेपासून हलायचं नाही. आधी कातडीखाली एक थेंब टोचून वाट पाहायची रीत तेव्हा आपल्याकडे नव्हती. ती तुम्ही नंतर सुरू केलीत. कशानंतर, ते सांगायलाच तर बसले आहे.

ते दिवस कापूस वेचणीचे. सकाळचे नऊ-साडेनऊ झालेत, तुम्ही बर्फ आणायला स्टेशनावर गेला आहात. दाराशी बैलांची दमणी थांबते. कौंडण्यपूरकडच्या एका गावचं कास्तकार घराणं, काळ्या मातीची चांगली जमीन असलेलं. सासू पुढे, सासरा मागे, आणि मध्ये उचलून आणलेली सून. सोळा-सतराची असेल. पऱ्हाटीचं, कापसाच्या झाडाचं, वाळलं खूट टाचेत घुसलेलं, आठ दिवस झालेले, हळद भरून बांधलेलं. मी फडकं सोडलं तेव्हा वासानं मागे सरले. पाय गुडघ्याच्या वरपर्यंत लाल, तट्ट फुगलेला, जांघेत गाठ, अंग विस्तवासारखं. डॉक्टर नेमके तेव्हाच निघायच्या तयारीत होते, त्यांना एका अडलेल्या बाळंतिणीकडे जायचं होतं. त्यांनी पाय पाहिला, म्हणाले, “विष अंगात पसरतंय. लगेच पेनिसिलीन सुरू कर, बाई येतीलच,” आणि गेले.

मी सगळं बरोबर केलं, बाई. हे मी तुम्हाला नाही, मलाच सांगते, रोज सांगते. पिचकाऱ्या उकळलेल्या होत्या. ॲड्रिनलिनची कुपी ट्रेमध्ये होती. लाल वही उघडली. सासूला नाव विचारलं, तिनं सांगितलं. वहीत पानापानावर बोट फिरवत गेले, ते नाव नव्हतं. ते गाव नव्हतं. मग विचारायचं राहिलं होतं. पोरगी भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढून पडलेली. सासरा दारातच उभा. वऱ्हाडातली नवी सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं, माझ्या घरात दोन वहिन्या होत्या. त्याला बाहेर काढायला हवं होतं. पण तो मोठा मिशाळ माणूस, डोक्याला पटका, हातात काठी, आणि मी भाजीवाल्याची पोर, कालपरवा त्याच्यासारख्याच लोकांच्या दारात टोपली उतरवणारी. मला ‘जरा बाहेर थांबा’ म्हणवलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटली. मी सासूकडे वळून विचारलं, “हिनं ही सुई पहिले कधी घेतली का? आंगावर काही उठलं होतं का?” सासू म्हणाली, “नाई वं माय. आमची सून धडधाकट हाय. दवाखान्याचं तोंड नाई पायलं तिनं कधी. निरोगी पाहूनच तर आनली.” तिच्या सांगण्यात खोट नव्हती. तिला तेवढंच माहीत होतं.

मी औषध भरलं. पोरीला कुशीवर करायला हात लावला, तर तिनं माझं मनगट धरलं. पदराखालून हात काढून, घट्ट. तापानं अंगात जीव नव्हता, पण पकड अशी होती की दुसऱ्या दिवशी माझ्या मनगटावर तिच्या बांगडीचा वळ होता. मी म्हणाले, “भिऊ नको. मुंगी चावल्यासारखं होईल.” तिनं मनगट सोडलं. लगेच नाही. थोडं थांबून, एकेक बोट करून सोडलं. मी दट्ट्या मागे ओढून पाहिला, रक्त आलं नाही. सुई दिली.

पाच मिनिटंही झाली नसतील. ती पहिल्यांदा घशाला हात लावते. मग ओठ खाजवते. मग ओठ सुजायला लागतात, माझ्या डोळ्यांदेखत, आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागतो. सासू ओरडते, “काय केलं वं माह्या सुनेले?” मी ॲड्रिनलिन देते. नाडी हाताला लागत नाही. तेवढ्यात तुम्ही दारात येता, काखेत गोणपाटाचं गाठोडं, लुगड्यावर बर्फाचं पाणी ठिबकतंय. तुम्ही खाटेकडे पाहता आणि गाठोडं हातातून सुटतं. धावत येऊन तुम्ही तिच्या तोंडावरचा पदर मागे करता आणि तिला नावानं हाक मारता. सासूनं सांगितलेल्या नावानं नाही. दुसऱ्याच नावानं. “अवं पोरी, तू? कोनं देल्ली तुले ही सुई?”

त्या हाकेला तिनं डोळे उघडले. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, बाई. इतका वेळ ती कशालाच ओ देत नव्हती, आणि माहेरच्या नावानं हाक मारल्याबरोबर तिनं शाळेत हजेरी द्यावी तसे डोळे उघडले आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही दुसरी सुई दिलीत, छाती चोळलीत, तोंडाला तोंड लावून वारा भरलात. काही उपयोग झाला नाही. फरशीवर बर्फ वितळून पाणी खाटेखाली गेलं होतं आणि सासरा त्या पाण्यात उभा होता, पाय न हलवता.

लाल वहीत ती होती. तिसऱ्या पानावर, वरून चौथी. तीन वर्षांपूर्वी अकोल्याला न्यूमोनिया होऊन आलेली, बार्शीटाकळीची, माहेरच्या नावानं. सुया संपल्यावर अंगभर गांधी, डोळे मिटेपर्यंत तोंड सुजलेलं, असं तुमच्याच अक्षरात. लग्नात तिचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून वहीतली पोरगी कोणालाच सापडणार नव्हती. आपल्यापैकी कोणाच्याच हे ध्यानात आलं नाही. ज्यांच्या घरादारात दर वर्षी एखाद्या पोरीचं नाव पुसलं जातं अशा दोन बायकांच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात चुलीपुढे बसला होतात. पिचकाऱ्यांच्या पातेल्यातलं पाणी आटत आलं होतं आणि तुम्ही ते नुसतं पाहत होतात. माझ्याकडे न पाहता विचारलंत, “वही पायली व्हती?” मी म्हणाले, हो. “इचारलं व्हतं?” मी म्हणाले, “हो.” बस. कोणाला, असं तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. मी त्या न विचारलेल्या शब्दाच्या आडोशाला बसले आणि तिथेच बसून राहिले, आजपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दवाखाना चालवणारी धर्मादाय मंडळी जमली. डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून काही बोलणार तेवढ्यात तुम्ही पुढे झालात. “पोरीनं वही पायली, इचारलंबी. वही माही हाय. वहीत सासरचं नाव नव्हतं, तं चूक माही.” तिथे मी बोलायला हवं होतं. माझ्या पायांपासून तुमच्या पायांपर्यंत दोन फरश्यांचं अंतर होतं. मी त्या फरश्या मोजल्या, इतका वेळ होता मला. मंडळींनी तुम्हाला जा म्हटलं नाही, पण राहा असंही कोणी म्हटलं नाही. आणि त्याच दुपारी तिचा बाप बार्शीटाकळीहून आला. तो रडला नाही, भांडला नाही. पायरीवर बसून म्हणाला, “तिच्या मायनं अन् म्याच सांगतलं व्हतं, सासरी दवाखान्याचं नाव काढू नको. आजारी पोरगी देल्ली म्हनतीन. तिनं आमचं आयकलं.” तुम्ही त्याच्या शेजारी पायरीवर बसलात.

त्या बापाच्या बोलण्यानं मला सुटका मिळायला हवी होती ना? मी तिला विचारलं असतं तरी ती सासूसमोर नाहीच म्हणाली असती, असं कितीदा मनाला बजावलं. मग तिनं मनगट का धरलं? सुईच्या भीतीनं? का मी दोघांना बाहेर काढून दार लावेन, म्हणून? हे आता कोणालाच माहीत नाही. ती गेली, तुम्ही गेलात, आणि मनगट राहिलं माझ्याकडे.

तुम्ही महिन्याभरात अमरावती सोडलीत. लोक म्हणाले, बाई अकोल्याला परत जातील, मोठ्या दवाखान्यात. तुम्ही बार्शीटाकळी निवडलीत. दोन खोल्यांचा दवाखाना, गळकं छप्पर, तिच्या बापाच्या घरापासून चार घरांवर. कावून, तिथेच का, असं मी विचारलं तर म्हणालात, “तिथल्या बाया वहीत लय हायेत.” माझ्या लग्नाला मात्र अकोटला आलात. सगळ्यांनी भांडी दिली, तुम्ही निकेलच्या डबीत काचेची पिचकारी दिलीत, आणि सासरकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तांदळाचं ताट समोर आलं तेव्हा मी नवऱ्याचा अंगठीचा हात धरला आणि म्हणाले, नाव बदलायचं नाही. सासूबाई दोन वर्षं माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, पोरगी शेफारलेली आहे म्हणून गावभर सांगितलं. कारण मी कोणालाही सांगितलं नाही. तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होतात आणि माझ्याकडे अशा पाहत होतात की मला वाटलं, आता या ओळखणार. मी मान खाली घातली.

पुढे मी अकोल्याला नोकरी केली, वरची नर्स झाले, मुलींना शिकवलं. सुई देण्याआधी घरच्यांना बाहेर काढायची, जहागीरदार असो की जमादार. मुली म्हणायच्या, बाई फार कडक. तुमची तब्येत बिघडल्याचा निरोप आला तेव्हा धावत आले. पायाला जखम चिघळली होती, ताप होता, तिथल्या डॉक्टरनं पेनिसिलीन लिहिलं होतं. तुमची सुई मीच देणार होते. खोलीत आपण दोघीच. मी दार लावलं, तुमच्याजवळ बसले, आणि सवयीनं विचारलं, “बाई, तुम्ही ही सुई आधी घेतली आहे का? काही झालं होतं का?” तुम्ही कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलंत. मग हसलात. म्हणालात, “आता इचारतं का?” एवढंच. त्यात चेष्टा होती, की दुसरं काही, मला कळलं नाही. म्हणजे, कळू दिलं नाही मी स्वतःला. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी कातडीखाली थेंब टोचला, घड्याळ लावलं, आणि अर्धा तास आपण सांबाराच्या भावाबद्दल बोललो. त्या दुखण्यातून तुम्ही उठलात. पुढच्या वर्षी झोपेतच गेलात, मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं.

लाल वही माझ्या नावानं ठेवून गेला होतात. ती मी कपाटात टाकली ती अनेक वर्षं उघडली नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर परवा उघडली. बार्शीटाकळीला गेल्यावर तुम्ही ती सगळी दुसऱ्या लाल वहीत नव्यानं उतरवली होती हे मला माहीतच नव्हतं. पट्टीनं आखलेले तीन रकाने. पहिला, माहेरचं नाव-गाव. दुसरा, सासरचं नाव-गाव. आणि तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘कोनाले इचारलं’. खाली ओळीनं तुमचं लाल अक्षर. ‘तिलेच.’ ‘तिलेच.’ ‘बेसुद व्हती, मायले.’ ‘तिलेच, दार लावून.’ पानामागून पान. तिसऱ्या पानावर, वरून चौथी, ती होती. पहिल्या रकान्यात एक नाव, दुसऱ्यात दुसरं. तिसरा रकाना कोरा. अख्ख्या वहीत एकच कोरा. मी तुम्हाला ‘हो’ म्हणाले होते, बाई, आणि तुम्ही मंडळींसमोर तो ‘हो’ माझ्यासाठी उच्चारला होता. पण वहीत लिहिला नव्हता.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चुलीपुढे बसून, पाण्याकडे पाहत, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. आणि माझ्यासाठी तेवढी जागा मोकळी ठेवून तुम्ही गेलात. रागानं, की मायेनं? तुमच्या बाबतीत या दोन गोष्टी मला कधीच वेगळ्या करता आल्या नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं? बार्शीटाकळीच्या त्या घरी आता दुसरेच लोक राहतात. घडी करून वहीतच ठेवणार आहे, तिसऱ्या पानावर. आणि आज दुपारी सून बाजारात गेली तेव्हा दार लावून मी तो रकाना भरला. ‘सासूले’. तीन अक्षरं लिहायला बराच वेळ लागला. तुमच्या लाल अक्षराशेजारी ती फार फिकी दिसतात. घरात शाईचं पेन होतं, बाई, हाताशीच होतं. मी पेन्सिलीनं लिहिलं आहे.